अँचेलॉटीमधला मॅनेजर कसा घडला: दोन गुडघे, साक्की आणि झोला

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी बरीच वर्षं मिडफिल्डर म्हणून खेळलो. आता कोचिंगच्या पहिल्या लायसन्सची तयारी करतोय. कार्लो अँचेलॉटी एवढा मोठा मॅनेजर झाला तो मिडफिल्डर होता म्हणून, की त्याला कायम उत्तम खेळाडू मिळाले म्हणून? आणि त्याच्या कारकिर्दीत माझ्यासारख्याने नेमकं काय बघावं?"

मी स्वतः मिडफिल्डलाच खेळलो आणि गेली वीसेक वर्षं वेगवेगळ्या वयोगटांच्या संघांना शिकवतोय. अँचेलॉटीचे सामने मी करमणूक म्हणून कमी आणि अभ्यास म्हणून जास्त पाहिले आहेत. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी थेट सांगतो. मिडफिल्डला खेळल्यामुळे त्याला मैदान वाचता येत होतं, हे खरं. पण तेवढ्याने तो मॅनेजर झाला नाही. उलट पहिली काही वर्षं, ज्या मिडफिल्डमध्ये तो घडला त्याच मिडफिल्डच्या चौकटीत तो अडकून पडला होता. त्या हट्टापायी दोन फार मोठे खेळाडू त्याच्या हातून गेले. चौकटीत माणूस बसवायचा, की माणसाभोवती चौकट आखायची, हा प्रश्न त्याला तिथे पहिल्यांदा नीट पडला, आणि पुढची पंचवीस वर्षं तो त्याचंच उत्तर देत आला आहे.

आता सुरुवातीपासून. अँचेलॉटीचा जन्म १९५९ चा, उत्तर इटलीतल्या रेज्जोलोचा. घर शेतकऱ्याचं. पार्माच्या संघात तो आला तेव्हा मिडफिल्डर असला तरी पुढे, स्ट्रायकरच्या मागे खेळायचा. १९७९ मध्ये पार्मा तिसऱ्या श्रेणीतून वर चढला तो त्रिएस्तिनाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात, आणि त्यात अँचेलॉटीचे दोन गोल होते. तिथून तो रोमाला गेला आणि नील्स लिडहोल्म या स्वीडिश प्रशिक्षकाच्या हाताखाली आला.

लिडहोल्मकडे फार लोक लक्ष देत नाहीत. अँचेलॉटीबद्दल बोलताना सगळे थेट साक्कीवर, म्हणजे पुढे मिलानमध्ये त्याला मिळालेल्या प्रशिक्षकावर, येतात. मला ते पटत नाही. लिडहोल्म स्वतः मोठा मिडफिल्डर होता, मिलानचा. अत्यंत शांत माणूस, आवाज न चढवणारा. त्याने अँचेलॉटीला स्ट्रायकरच्या मागून काढून मिडफिल्डच्या मध्यभागी आणलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आगोस्तिनो दी बार्तोलोमेई हा सुंदर पास देणारा पण पायाने मंद मिडफिल्डर त्याने थेट बचावाच्या मागे लिबेरो म्हणून उभा केला. तिथे त्याच्यावर कोणी धावून येत नव्हतं, चेंडू मिळाला की मान वर करायला वेळ होता. रोमाने १९८२-८३ ची लीग जिंकली. तेव्हा अँचेलॉटी चोवीस वर्षांचाही नव्हता आणि हे सगळं दहा-पंधरा मीटरवरून बघत होता. मंद पण डोळस खेळाडूला मागे नेलं तर त्याला वेळ मिळतो, ही गोष्ट लक्षात ठेवा. ती वीस वर्षांनी परत येणार आहे.

मग गुडघे. १९८१ मध्ये उजवा गेला, १९८३ च्या शेवटी डावा. पहिल्या दुखापतीने १९८२ चा वर्ल्ड कप हुकला, जो इटलीने जिंकला. दुसरीने १९८४ ची युरोपियन कपची फायनल हुकली. ती रोमाच्या स्वतःच्या मैदानावर होती आणि लिव्हरपूलने ती पेनल्टी शूटआउटवर जिंकली. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. तुम्ही मैदानावर परत येता तेव्हा पहिली दोन पावलं हरवलेली असतात. चेंडू निघाल्यावर धावलात तर उशीर होतो, म्हणून तो निघायच्या आधी कुठे जाणार हे ओळखावं लागतं. मिडफिल्डरची नजर ही पुष्कळदा शरीराच्या उणिवेतून तयार होते. अँचेलॉटीच्या बाबतीत तरी तसंच झालं असं माझं मत आहे.

१९८७ मध्ये मिलानने त्याला घेतलं तेव्हा क्लबमध्ये त्याच्या गुडघ्यांबद्दल शंका होती. आरिगो साक्कीने आग्रह धरला. साक्कीची पद्धत म्हणजे ४-४-२ (चार बचावाला, चार मिडफिल्डला, दोन स्ट्रायकर), सर्वात मागच्या आणि सर्वात पुढच्या खेळाडूत जेमतेम पंचवीस-तीस मीटरचं अंतर, आणि चेंडू जिकडे सरकेल तिकडे अख्खा संघ एका पट्टीत सरकणार. हे सगळं तो प्रतिस्पर्ध्याशिवाय, कल्पनेतल्या चेंडूवर घोटून घ्यायचा. या यंत्राच्या मध्यभागी अँचेलॉटी, आणि १९८८ पासून त्याच्या शेजारी फ्रँक रायकार्ड. पहिल्याच हंगामात लीग, मग १९८९ आणि १९९० असे सलग दोन युरोपियन कप.

१९८९ च्या सेमीफायनलमध्ये मिलानने रेयाल माद्रिदला सान सिरोवर ५-० ने हरवलं. पहिला गोल अँचेलॉटीचा. तो गोल शोधून बघा. गोलपासून बराच लांब चेंडू मिळतो, अंगावर येणाऱ्यांना चुकवून तो चेंडू थोडा पुढे ढकलतो आणि सरळ वरच्या जाळ्यात मारतो. पण मी माझ्या मुलांना गोल दाखवत नाही, त्याच्या आधीचे काही सेकंद दाखवतो. चेंडू येण्यापूर्वी त्याने दोनदा मागे वळून पाहिलेलं असतं, आणि बाकीचे नऊ जण अशा जागी असतात की चेंडू गेला असता तरी माद्रिदला बाहेर पडायला वाट नव्हती. त्या संघात व्यक्ती मोठ्या होत्या, पण जागा त्यांच्याहून मोठ्या होत्या. प्रत्येक जण आपापल्या जागेचा नोकर होता. ज्याने हे आतून अनुभवलं आणि त्यावर दोन युरोपियन कप जिंकले, त्याला हेच फुटबॉलचं अंतिम सत्य वाटलं तर नवल नाही.

१९९२ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, तो थांबला. इटलीसाठी २६ सामने, १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये तिसरं स्थान. लगेच राष्ट्रीय संघात साक्कीचा सहायक झाला. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये नॉर्वेविरुद्ध इटलीच्या गोलकीपरला रेड कार्ड मिळालं, तेव्हा साक्कीने कोणाला मैदानाबाहेर बोलावलं असेल? रोबेर्तो बॅजिओला, संघातल्या सर्वात मोठ्या खेळाडूला. कारण दहा जणांच्या चौकटीत त्याला जागा नव्हती. इटली तो सामना जिंकली. सहायक म्हणून अँचेलॉटी बेंचवर होता. आपल्या गुरूचा एखादा धाडसी निर्णय फळाला आलेला पाहिला की तो आपल्या डोक्यात नियम होऊन बसतो. मला हे माझ्या अनुभवावरून ठाऊक आहे.

पुढे १९९५-९६ मध्ये मॅनेजर म्हणून रेज्जाना क्लब. सुरुवात अडखळत झाली, शेवटी संघ वरच्या श्रेणीत चढला. मग लगेच पार्मा, आणि इथे खरी गोष्ट सुरू होते.

१९९६ चा पार्मा म्हणजे बुफॉन, कानावारो, थुराम, क्रेस्पो असा तरुण आणि भुकेला संघ. त्यात जियानफ्रान्को झोला होता, स्ट्रायकरच्या मागे मोकळं फिरणारा, इटलीत सर्वात देखणा खेळ करणाऱ्यांपैकी एक. अँचेलॉटीच्या ४-४-२ मध्ये अशी जागाच नव्हती. त्याने झोलाला डाव्या बाजूला खेळवलं. नोव्हेंबरमध्ये झोला चेल्सीला निघून गेला. पुढच्या वर्षी बॅजिओ पार्मात यायला तयार होता, पण त्याला स्ट्रायकरच्या मागची जागा हवी होती. अँचेलॉटीने नकार दिला. बॅजिओ बोलोनियाला गेला आणि त्या हंगामात लीगमध्ये २२ गोल केले. हे आपलं चुकलं, असं अँचेलॉटीने नंतर अनेकदा मोकळेपणाने कबूल केलं आहे.

लक्षात घ्या, निकाल वाईट नव्हते. १९९६-९७ मध्ये पार्मा युव्हेंटसच्या फक्त दोन गुण मागे, दुसऱ्या स्थानावर राहिला. म्हणूनच ही चूक ओळखायला कठीण होती. संघ जिंकत असताना कोणीही प्रशिक्षकाला सांगत नाही की तुझ्या डाव्या बाजूला एक माणूस वाया चाललाय.

ही चूक मी केली आहे. सतरा वर्षांखालच्या माझ्या एका संघात एक मुलगा होता, अंगाने किरकोळ, पहिला टच असा की चेंडू पायाला चिकटून राहायचा. मी तेव्हा ४-४-२ चा भक्त. त्याला डाव्या बाजूला उभा केला आणि रेषेला धरून खेळायला सांगितलं. एक सामना मला अजून दिसतो. चेंडू त्याच्याकडे यायचा, पाठीशी रेषा, समोर बॅक. तो मान वळवून आत बघायचा, जिथे त्यांच्या बचावाच्या आणि मिडफिल्डच्या मध्ये मोठी रिकामी जागा होती. तिथे कोणीच नसायचं, कारण तिथे असायला हवा होता तो स्वतः, आणि त्याला मी इकडे बांधून ठेवलं होतं. मग तो चेंडू गपचूप मागे द्यायचा. असं अकरा-बारा वेळा झालं. मी बाहेरून ओरडत होतो, 'पुढे जा, लाईन पकड.' आम्ही तो सामना जिंकलो. पुढच्या तीन महिन्यांत त्याचं येणं कमी होत गेलं आणि मग थांबलंच. त्याने खेळ सोडला तो माझ्यामुळे, हे मला दोन वर्षांनी उमगलं, आणि ते ओझं अजून उतरलेलं नाही. अँचेलॉटीची कारकीर्द मी इतक्या बारकाईने बघायला लागलो त्याचं कारण हे आहे. हीच चूक करून एक माणूस पुढे कसा गेला, हे मला बघायचं होतं.

१९९९ मध्ये तो युव्हेंटसला आला. तिथे झिनेदिन झिदान होता. झिदानला डाव्या बाजूला पाठवणं शक्यच नव्हतं, आणि तोवर झोला-बॅजिओची जखमही ताजी होती. अँचेलॉटीने आपलं ४-४-२ मोडलं, मागे तिघे ठेवले आणि झिदानला दोन स्ट्रायकरच्या मागे मोकळं सोडलं. त्याच्या कोचिंगमधला सर्वात मोठा क्षण मी यालाच मानतो, कुठल्याही फायनलला नाही. आणि या बदलाचं बक्षीस त्याला मिळालं नाही. दोन पूर्ण हंगामांत ७१ आणि ७३ गुण, दोन्ही वेळा दुसरं स्थान. २००० मध्ये तर शेवटच्या दिवशी पेरुजियात धो-धो पावसाने खेळ थांबला, तळं झालेल्या मैदानावर तो पुन्हा सुरू झाला, युव्हेंटस ०-१ हरले आणि एका गुणाने लीग लात्सियोकडे गेली. योग्य गोष्ट शिकूनही माणूस हरू शकतो. नवीन प्रशिक्षकांनी हे दोन हंगाम जरूर वाचावेत.

नोव्हेंबर २००१ मध्ये मिलानने त्याला बोलावलं. इथून पुढची आठ वर्षं मला सगळ्यात प्रिय आहेत.

आंद्रेआ पिर्लो तेव्हा इंटरमधून नुकताच आला होता. स्ट्रायकरच्या मागे खेळणारा म्हणून त्याची ओळख, पण पाय मंद, अंगावर दोघे आले की अडचण. ब्रेशियामध्ये कार्लो मॅझोनने त्याला काही काळ मागे, बचावासमोर खेळवून पाहिलं होतं. अँचेलॉटीने ती जागा त्याला कायमची दिली. त्या काळी बचावासमोर हाडं मोडणारा गडी लागतो अशी सर्वसाधारण समजूत होती. तिथे हा सडपातळ पोरगा! पण मागे त्याला वेळ मिळाला, समोर अख्खं मैदान दिसायला लागलं, आणि त्याच्या वाटणीचं धावणं-भिडणं करायला शेजारी जेनारो गॅट्टुसो होता. रोमाचा दी बार्तोलोमेई आठवला ना? लिडहोल्मची ती युक्ती वीस वर्षं डोक्यात पडून होती असं मी म्हणेन. कोणी पुरावा मागितला तर माझ्याकडे नाही, पण दोन्ही संघ शेजारी ठेवून पाहिले की मला दुसरं काही दिसत नाही.

मग प्रश्न उरला तो असा की पिर्लो, सीडॉर्फ, रुई कोस्टा, नंतर काका, हे सगळे चेंडूवर प्रेम करणारे एकाच संघात कसे बसवायचे? साक्कीच्या ४-४-२ मध्ये यातले दोन बाहेर बसले असते आणि एक बाजूला सडला असता. अँचेलॉटीने कधी मिडफिल्डच्या चौघांचा हिऱ्यासारखा चौकोन टोकावर उभा केला: एक मागे, दोघे बाजूंना, एक पुढे. कधी ४-३-२-१, ज्याला इटलीत ख्रिसमस ट्री म्हणतात. २००३ मध्ये मँचेस्टरच्या मैदानावर युव्हेंटसला पेनल्टीवर हरवून चॅम्पियन्स लीग, म्हणजे पूर्वीचा युरोपियन कप, आणि २००४ ला लीग.

आणि २००५ ची इस्तंबूलची फायनल. ती टाळून पुढे जाता येत नाही. समोर लिव्हरपूल. पूर्वार्धात मिलान ३-० ने पुढे, कारण लिव्हरपूलच्या जेरार्ड आणि अलोन्सो यांच्या पाठीमागे काका मोकळा फिरत होता आणि त्याला धरायला कोणीच नव्हतं. हाफटाइमला त्यांचा प्रशिक्षक राफाएल बेनितेझने हामानला आणून ती जागा बंद केली, मागे तिघे केले आणि जेरार्डला पुढे सोडला. सहा मिनिटांत तीन गोल झाले. अँचेलॉटीने पहिला बदल केला तो ८५ व्या मिनिटाला. मिलानला त्यानंतरही संधी मिळाल्या, जादा वेळेत शेवचेन्कोचा गोल गोलकीपरने अक्षरशः अंगाने अडवला, हे सगळं खरं. तरी मला वाटतं की मिडफिल्डमध्ये एकाचे दोन झालेले दिसल्यावर त्याने उत्तर द्यायला उशीर केला. मी हा उत्तरार्ध सतरा-अठरा वेळा पाहिला असेन, मत बदललेलं नाही.

दोन वर्षांनी अथेन्समध्ये पुन्हा लिव्हरपूल. या वेळी काका आणि सीडॉर्फ हे दोघे एकट्या इन्झागीच्या मागे, आणि त्यांच्या खाली गॅट्टुसो, पिर्लो, आम्ब्रोसिनी अशी तिघांची भिंत. २-१, दोन्ही गोल इन्झागीचे. तो सामना इस्तंबूलइतका रंगला नाही, मिलान तितकं चांगलं खेळलंही नाही. पण मधली जागा या वेळी कोणाला फुकट मिळाली नाही.

चेल्सी आणि पॅरिसबद्दल थोडक्यात. २००९-१० मध्ये चेल्सीने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, लीगमध्ये १०३ गोल केले, त्यातले २२ लॅम्पार्डचे, म्हणजे एका मिडफिल्डरचे. पुढच्या हंगामात दुसरा क्रमांक आला आणि शेवटच्या सामन्यानंतर लगेच त्याला काढलं. पॅरिसमध्ये २०१३ ला लीग जिंकली आणि तो माद्रिदला गेला.

रेयाल माद्रिदला दहावा युरोपियन कप हवा होता आणि बारा वर्षं तो मिळत नव्हता. २०१३ ला गॅरेथ बेल आला, ओझील गेला. विंगवर बेल आणि रोनाल्डो म्हटल्यावर आंखेल डी मारियाची जागा संपली असंच सगळ्यांनी धरलं. अँचेलॉटीने त्याला मिडफिल्डच्या तिघांत आणलं, अलोन्सो आणि मॉड्रिचच्या डावीकडे. विंगर मिडफिल्डमध्ये आणला की साधारणपणे बचावात भोक पडतं. डी मारियाकडे मात्र न थकणारी छाती होती; तो डावीकडे मागे येऊन रोनाल्डोने सोडलेली जागा भरायचा आणि चेंडू मिळाला की तीस-चाळीस मीटर घेऊन पळायचा. सेमीफायनलला म्युनिकमध्ये बायर्नला ४-० ने हरवलं. लिस्बनच्या फायनलमध्ये ॲटलेटिको माद्रिदविरुद्ध ९३ व्या मिनिटाला रामोसने बरोबरी साधली, पण जादा वेळेत ॲटलेटिकोची भिंत फोडली ती डी मारियाच्या डावीकडच्या धावेने. त्याच्या फटक्यावर उडालेला चेंडू बेलने डोक्याने आत टाकला. सामनावीर डी मारियाच. त्या हंगामात अँचेलॉटीच्या शेजारी सहायक म्हणून बसला होता झिदान. पुढच्या हंगामात डी मारिया विकला गेला, संघाने तरीही सलग २२ सामने जिंकले, पण त्याच हंगामात मॉड्रिच जखमी झाला, मिडफिल्ड खिळखिळं झालं, आणि मे २०१५ मध्ये अँचेलॉटीला जावं लागलं.

मग तो बायर्नला गेला. तिथे लीग मिळाली पण दुसऱ्या हंगामात, सप्टेंबर २०१७ मध्ये, त्याला काढण्यात आलं. नेपल्समध्ये २०१९ च्या डिसेंबरात गेंकला ४-० ने हरवलं त्याच रात्री नोकरी गेली, आणि जागेवर आला त्याचाच जुना शिष्य गॅट्टुसो. एव्हर्टनला बारावा आणि दहावा क्रमांक. ही वर्षं त्याच्या चाहत्यांना आठवायला आवडत नाहीत. पण मी ती प्रामाणिकपणे मोजतो. जिथे खेळाडूंना रोजच्या रोज कडक शिस्तीची, ठरलेल्या हालचालींची सवय लागलेली असते, तिथे त्याची मोकळीक ढिलाई वाटते. माणसाभोवती चौकट आखणाऱ्या प्रशिक्षकाची ही किंमत आहे: माणसं साथ देईनाशी झाली की हाताशी चौकटही उरत नाही.

२०२१ ला माद्रिदने त्याला पुन्हा बोलावलं. २०२२ ची चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल घ्या. मँचेस्टर सिटी पहिल्या सामन्यात ४-३ ने पुढे. दुसऱ्या सामन्यात ७३ व्या मिनिटाला महरेझचा गोल. अँचेलॉटीने ६८ व्या मिनिटाला क्रूसला बाहेर काढून रॉड्रिगोला आणलं होतंच, आता ७५ व्या मिनिटाला मॉड्रिच आणि कॅसेमिरो दोघांनाही बाहेर घेतलं. ज्या तिघांच्या जोरावर माद्रिदने एवढे युरोपियन कप जिंकले, ते तिघे निर्णायक पंधरा मिनिटांत बेंचवर! आत कामाविंगा, असेन्सिओ, रॉड्रिगो. चेंडू ताब्यात ठेवणारे गेले, पळणारे आले. ९० आणि ९१ व्या मिनिटाला रॉड्रिगोचे दोन गोल, जादा वेळेत बेंझेमाची पेनल्टी. आणि जादा वेळेच्या आधीचं दृश्य पाहिलं असेल: बेंचवर आलेल्या क्रूससारख्या अनुभवी खेळाडूंशी तो बदलांबद्दल बोलत होता. आत्ताच ज्याला बाहेर काढलं त्यालाच विचारायचं, आणि त्यानेही मनापासून मत द्यायचं. हे एका रात्रीत जमत नाही. पॅरिसची फायनल १-० ने जिंकली, त्याच वर्षी स्पेनची लीगही, आणि युरोपच्या पाचही मोठ्या लीग जिंकणारा तो पहिला मॅनेजर ठरला.

२०२३ ला बेंझेमा गेला, स्ट्रायकरच उरला नाही. त्याने डॉर्टमुंडहून आलेल्या बेलिंगहॅमला, जो तिथे मिडफिल्डच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खेळायचा, हिऱ्याच्या पुढच्या टोकावर ठेवलं. म्हणजे नेमकी तीच जागा जी त्याने पार्मात झोलाला आणि बॅजिओला नाकारली होती. लीगमध्ये १९ गोल. संघाने लीग जिंकली, त्यात फक्त एक सामना हरला, आणि जून २०२४ मध्ये डॉर्टमुंडला २-० ने हरवून मॅनेजर म्हणून पाचवी चॅम्पियन्स लीग, जी आजवर दुसऱ्या कोणाकडे नाही.

त्यानंतर क्रूस निवृत्त झाला, एमबाप्पे आला. कागदावर संघ बळकट झाला होता. प्रत्यक्षात मागून चेंडू बाहेर काढून खेळाची गती ठरवणारा गेला होता. त्या हंगामात बार्सिलोनाकडून चार वेळा हार, आर्सेनलकडून दोन्ही सामने मिळून १-५. मे २०२५ मध्ये तो ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाकडे गेला आणि माद्रिदमध्ये त्याच्या जागी आला झाबी अलोन्सो, त्याच्याच २०१४ च्या मिडफिल्डमधला.

आता तुमच्या प्रश्नाचे दोन्ही भाग. उत्तम खेळाडू मिळाले म्हणून जिंकला का? उत्तम खेळाडू तर पार्मातही होते. त्यातला एक त्याने घालवला आणि दुसरा दारातून परत पाठवला. पिर्लो इंटरकडेही होता, तिथे त्याचं काय झालं? खेळाडू मिळणं आणि खेळाडूला जागा मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र २०२४-२५ सांगतं की मधला माणूस गेला की अँचेलॉटीलाही जादू करता येत नाही.

मिडफिल्डर होता म्हणून का? मिलानच्या त्याच्या मिडफिल्डमधले पिर्लो, गॅट्टुसो, सीडॉर्फ तिघेही पुढे प्रशिक्षक झाले. पिर्लोने युव्हेंटसला, गॅट्टुसोने नेपल्सला इटालियन कप मिळवून दिला, पण गुरूच्या जवळपासही कोणी पोचलं नाही. मिडफिल्डला खेळल्याने मान वळवून बघायची सवय लागते. काय बघायचं ते मात्र पुन्हा नव्याने शिकावं लागतं, कारण खेळाडू असताना आपण चेंडूसाठी बघत असतो आणि बेंचवरून माणसासाठी.

लायसन्सच्या तयारीत तुमच्याकडून ड्रिलचे आराखडे भरपूर काढून घेतील, ते मन लावून करा. त्याच्या जोडीला तीन सामने घेऊन बसा: १९८९ ची मिलान-माद्रिद सेमीफायनल, २००५ ची फायनल, २०१४ ची फायनल. आवाज बंद ठेवा. प्रत्येक सामन्यात एकच खेळाडू निवडा आणि चेंडू कुठेही असो, वीस मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. पहिल्यात अँचेलॉटी, दुसऱ्यात इस्तंबूलच्या उत्तरार्धातला पिर्लो, तिसऱ्यात डी मारिया. दर मिनिटाला तो कुठे उभा आहे याची खूण कागदावर करा. मग तुमच्या स्वतःच्या संघाच्या पुढच्या सामन्यात हेच करा, आणि ज्याच्याकडे तुमचं लक्ष सहसा जात नाही असा मुलगा निवडा. चेंडू मिळाल्यावर तो मान वळवून कुठे बघतो, तेवढं टिपून ठेवा.